सॉफ्टवेअर म्हणतं ४ डीबीएम, यंत्र म्हणतं उणे २ : ब्लूटूथ चिपच्या चाचणीबद्दल मदत हवी

शंकासुर

नमस्कार मंडळी. मी मूळचा फर्मवेअरवाला, रेडिओतलं मला 'अँटेना बाहेर असते' इथपर्यंत कळतं. आता गळ्यात पडलंय म्हणून विचारतो.

आमच्याकडे ब्लूटूथ लो एनर्जीच्या चिपचे २० बोर्ड तयार झाले. १४ झकास चालतात. ६ बोर्ड टेबलावर फोनला दिसतात, जोडले जातात, पण दोन खोल्या ओलांडल्या की कनेक्शन तुटतं. बाकीचे १४ तिथे आरामात चालतात. कोड तोच, पीसीबी तोच.

चिप कंपनीचं पीसीवर चालणारं चाचणीचं सॉफ्टवेअर आहे. यूएसबी-सिरियल केबल लावली, चॅनल १९, पॉवर ४ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेला सिग्नलचा जोर), लांबी ३७ बाइट निवडली, 'ट्रान्समिट' दाबलं. खाली हिरव्या अक्षरात 'सक्सेस'. खराब आणि चांगल्या, दोन्ही बोर्डांवर हिरवंच.

मग एक स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या वारंवारतेला किती जोर ते दाखवणारं यंत्र) उसना आणून अँटेनाच्या जागी केबल जोडली. २४४० मेगाहर्ट्झला शिखर दिसतंय (नीट मध्यावर नाही, किंचित डावीकडे वाटतं, पण तो मुद्दा वेगळा). उंची मात्र उणे २ डीबीएम. म्हणजे ६ डीबी गायब! चिप सदोष आहे का? सॉफ्टवेअर खोटं बोलतंय का?

गुंतवळ

सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही, मार्केटिंगवाले बोलतात. (जागा धरून बसलोय. धागा रंगणार.)

तांब्याचीतार

शंकासुर, आधी एक गाठ सोडवू. ते हिरवं 'सक्सेस' पॉवरबद्दल काहीच सांगत नाही. पीसीने चिपला हुकूम पाठवला, चिपने 'हुकूम कळला' असं उत्तर दिलं, संपलं. आउटपुटच्या पिनवर किती मिलिवॅट आले हे चिपला स्वतःला बहुतेक वेळा माहीतच नसतं. अँटेनाची वाट तोडून टाकलीस तरी सक्सेसच येणार.

या चाचणीला डायरेक्ट टेस्ट मोड म्हणतात. ब्लूटूथ ४.० बरोबर, म्हणजे २०१० मध्ये, लो एनर्जीसाठी हा ब्लूटूथच्या प्रमाणात (अधिकृत नियमावलीत) आला. त्यात मूळ हुकूम चारच: रीसेट, रिसीव्हर टेस्ट, ट्रान्समीटर टेस्ट, टेस्ट एंड. बाकी खिडक्या, रंग, आलेख ही प्रत्येक कंपनीची सजावट. मोजमाप बाहेरच्या यंत्रानेच करावं लागतं.

आता तुझ्या यंत्राबद्दल सांग. आरबीडब्ल्यू (यंत्र एका वेळी बघतं त्या फटीची रुंदी) किती ठेवला होता? डिटेक्टर कोणता? केबल कोणती आणि तिचा लॉस मोजलास का?

शंकासुर

ताई, आरबीडब्ल्यू १०० किलोहर्ट्झ, स्पॅन (स्क्रीनवर दिसणारा पूर्ण पट्टा) १०० मेगाहर्ट्झ. यंत्र चालू केल्यावर होतं तेच. डिटेक्टर म्हणजे काय ते बघून सांगतो. केबल ड्रॉवरमध्ये होती.

अर्धाडीबी

'ड्रॉवरमध्ये होती' हे वाचून डोळे पाणावले.

ब्लूटूथ लो एनर्जीचा १ एमबीपीएस सिग्नल साधारण १ मेगाहर्ट्झ रुंद असतो. तुम्ही १०० किलोहर्ट्झच्या फटीतून बघताय. फटीतून हत्ती पाहिला तर सोंडेचंच वजन कळणार. त्यात काही डीबी तिथेच गेले. आरबीडब्ल्यू ३ मेगाहर्ट्झ, व्हीबीडब्ल्यू (चित्र गुळगुळीत करणारा फिल्टर) ३ मेगाहर्ट्झ, पीक डिटेक्टर (शिखराचा आकडा धरणारा), मॅक्स होल्ड (सर्वात मोठा आकडा टिकवणारा) करा आणि पुन्हा आकडा सांगा. झिरो स्पॅनला (एकच वारंवारता, आडवी फक्त वेळ) टाकलंत तर पॅकेटं एकामागोमाग उभी दिसतील, मग मधल्या मोकळ्या जागांचा गोंधळही डोळ्यांना दिसेल.

सोल्डरबाबा

माझ्याकडे अ‍ॅनालायझर नाही, पॉवर मीटर आहे. त्यावरही नेहमी २ डीबी कमीच येतात. मी मीटरला दोष देऊन मोकळा झालो होतो.

अर्धाडीबी

सोल्डरबाबा, मीटर निर्दोष आहे, त्याची माफी मागा. तुमचा मीटर सरासरी पॉवर दाखवतो आणि टेस्ट मोडमध्ये चिप सतत ओरडत नसते. हिशेब करा:

३७ बाइटचं पेलोड (पॅकेटमधला मजकूर) म्हणजे २९६ बिट. त्याला प्रीअँबल, सिंक वर्ड, हेडर आणि सीआरसी या पुढच्या-मागच्या खुणा आणि तपासणीचे मिळून ८० बिट जोडा. एकूण ३७६ बिट, १ एमबीपीएसला ३७६ मायक्रोसेकंद. असं एक पॅकेट दर ६२५ मायक्रोसेकंदांनी जातं. म्हणजे चिप ६० टक्के वेळ बोलते, ४० टक्के वेळ गप्प. याचे डीबी काढले तर उणे २.२. तुमचे '२ डीबी' हेच.

२५५ बाइटचं पॅकेट लावलंत (चिपला ते जमत असेल तर) तर २१२० मायक्रोसेकंदांचं पॅकेट २५०० मध्ये बसतं, फरक ०.७ डीबीवर येतो.

सोल्डरबाबा

साहेब, साष्टांग. तीन वर्षं मी प्रत्येक अहवालात 'मीटरची त्रुटी' असं लिहीत आलोय. 🙏

गुंतवळ

म्हणजे बोलण्यापेक्षा गप्प बसण्याचाच हिशेब ठेवायचा. हे घरीही लागू आहे.

जुनाखोडकर

पोरांनो, तुमचं सुख आहे. आम्ही क्लासिक ब्लूटूथच्या काळातले. सीएसआरच्या चिपांवर एसपीआयची जाडजूड केबल लावून ब्लूटेस्ट उघडायचं, यादीतून 'टीएक्स स्टार्ट' निवडायचं, वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये टाकायची आणि 'एक्झिक्यूट'. ती केबल जुन्या प्रिंटरच्या पोर्टात जायची. नवीन संगणकांना तो पोर्टच राहिला नाही, म्हणून एक म्हातारा संगणक फक्त त्यासाठी जिवंत ठेवला होता. त्याच्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. पुढे २०१५ मध्ये क्वालकॉमने सीएसआर घेतली, पण आमचा म्हातारा त्यानंतरही बरीच वर्षं होता.

त्यात एक गंमत होती. शुद्ध कॅरिअर (डेटा नसलेली नुसती लहर) सोडता यायचा, मॉड्युलेशनशिवाय. स्क्रीनवर एकच सरळ काठी उभी. क्रिस्टल (वारंवारता ठरवणारं चिपचं घड्याळ) किती चुकतंय ते त्या काठीवर एका नजरेत कळायचं. आता सगळे पॅकेट-पॅकेट खेळतात.

कोडवाली

काका, शुद्ध कॅरिअर आताही मिळतो की. प्रमाणातल्या चार हुकुमांत नाही, पण बहुतेक चिप कंपन्या आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये देतात. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) स्मार्टआरएफ स्टुडिओत 'कंटिन्युअस टीएक्स' मध्ये बिनमॉड्युलेशनचा पर्याय असतो, नॉर्डिकच्या रेडिओ टेस्टच्या नमुना कोडमध्येही आहे.

शंकासुर, तुम्ही खिडकी सोडून स्क्रिप्ट लिहिणार असाल तर माझी एक ठेच ऐका. दोन तारांच्या यूआर्टवर (सिरियल जोडणीवर) प्रत्येक हुकूम फक्त दोन बाइटचा असतो. पहिले दोन बिट हुकुमाचे, पुढचे सहा चॅनलचे, मग सहा लांबीचे, शेवटचे दोन पॅकेटच्या प्रकाराचे. चॅनल ०, ३७ बाइट, पीआरबीएस-९ (विस्कळीत वाटणारा, पण ठरलेला बिटांचा नमुना) असेल तर हेक्समध्ये ८०, ९४. चॅनल १९ ला ९३, ९४. थांबवायला सी०, ००. इतकं सोपं.

मी हौसेने दोन बाइट दोन वेगळ्या ओळींत पाठवले आणि मध्ये १० मिलिसेकंदांची झोप घातली, 'चिपला दम घेऊ दे' म्हणून. प्रमाण म्हणतं दोन बाइटांमध्ये ५ मिलिसेकंदांहून जास्त अंतर नको. चिप पहिला बाइट टाकून द्यायची, दुसऱ्यालाच पहिला समजायची आणि तिथून पुढे सगळं एका बाइटने सरकलेलं. दोन दिवस गेले. दोन्ही बाइट एकाच फटक्यात लिहायचे, बस.

आणि ट्रान्समीटर टेस्ट संपवल्यावर उत्तरात पॅकेटांचा आकडा शून्य येतो. तो तसाच यायचा असतो, तो आकडा रिसीव्हरसाठी आहे. मी घाबरून बोर्ड बदलला होता.

नवशिक्या_०७

मी पण विचारून घेतो. मी अ‍ॅडव्हर्टायझिंगचा चॅनल ३७ (चिप 'मी इथे आहे' असं जाहीर करते त्यांपैकी एक) तपासायला सॉफ्टवेअरमध्ये ३७ टाकलं तर शिखर २४०२ ला न येता २४७६ ला आलं. चिप खराब?

तांब्याचीतार

नाही रे. हा खड्डा इतका जुना आहे की त्यात पडल्याशिवाय कुणी या रस्त्याने गेलेलंच नाही. टेस्ट मोडमध्ये चॅनल सरळ वारंवारतेच्या क्रमाने मोजतात: २४०२ अधिक क्रमांकाची दुप्पट. ० म्हणजे २४०२, ३९ म्हणजे २४८०. अ‍ॅडव्हर्टायझिंगच्या ३७, ३८, ३९ ची जागा २४०२, २४२६ आणि २४८०. म्हणून त्यांच्यासाठी ०, १२ आणि ३९ टाकायचं. ३९ तेवढा दोन्हीकडे ३९ आहे, त्यामुळे लोकांचा गैरसमज आणखी पक्का होतो.

नवशिक्या_०७

धन्यवाद ताई. मी ३९ ने खात्री करून घेतली होती 😐

शंकासुर

अपडेट. आरबीडब्ल्यू ३ मेगाहर्ट्झ, पीक, मॅक्स होल्ड: अधिक २.६ डीबीएम. ट्रॅकिंग जनरेटर (माहीत असलेल्या जोराचा सिग्नल सोडणारा) लावून केबलचा लॉस मोजला, १.१ डीबी. बेरीज ३.७. म्हणजे ४ ला चिकटूनच! चिपची आणि सॉफ्टवेअरची, दोघांची माफी.

पण... खराब सहाही बोर्डांवर ३.५ ते ३.८. चांगल्यांवरही तेच. मग पल्ला का कमी?

गुंतवळ

रुग्णाचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, फक्त रुग्ण आजारी.

सोल्डरबाबा

अँटेना! केबल लावून मोजलंत की अँटेना हिशेबातून बाहेर जाते. मॅचिंगचा (चिप आणि अँटेना जुळवणाऱ्या भागांपैकी) एखादा इंडक्टर चुकीचा बसला असेल किंवा अँटेनाखाली ग्राउंड गेला असेल. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) घेऊन अँटेना बघा. मात्र मूळचा छोटा नॅनोव्हीएनए २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोचत नाही, ३ गिगाहर्ट्झवाला लागेल.

शंकासुर

तेही करून झालं. एका चांगल्या बोर्डाची अँटेना (चिप अँटेना आहे) आणि मॅचिंगचे भाग काढून खराब बोर्डावर लावले. पल्ला तसाच.

अर्धाडीबी

मॉड्युलेशन मोजलं का? पॉवर म्हणजे ट्रान्समीटरची फक्त छाती. ११११०००० या नमुन्यावर सरासरी डेव्हिएशन (वारंवारता मध्यापासून किती हलते ते) २२५ ते २७५ किलोहर्ट्झमध्ये हवं. १०१०१०१० वर ९९.९ टक्के वेळा किमान १८५ हवं. आणि दुसऱ्याची सरासरी पहिल्याच्या किमान ०.८ पट. हे नमुने सॉफ्टवेअरच्या यादीत असतातच, लोक पीआरबीएस-९ च्या खाली कधी स्क्रोल करत नाहीत.

शंकासुर

उसन्या अ‍ॅनालायझरमध्ये डीमॉड्युलेशनचा पर्याय विकत घेतलेला नाही. बटण आहे, दाबलं की 'लायसन्स नाही' म्हणतो.

जुनाखोडकर

मग गरिबाची पद्धत कर. गोल्डन बोर्ड, म्हणजे खात्रीचा चांगला बोर्ड तुलनेला. एक बोर्ड पाठवणारा, एक ऐकणारा, मध्ये सिग्नल कमकुवत करणारे ६०-७० डीबीचे अ‍ॅटेन्युएटर. ऐकणाऱ्यावर आधी रिसीव्हर टेस्ट सुरू कर, मग पाठवणाऱ्यावर ट्रान्समीटर टेस्ट. थांबवताना उलट क्रम. ऐकणारा किती पॅकेटं मिळाली ते सांगतो. अ‍ॅटेन्युएशन वाढवत जा, कुठे गळती सुरू होते ते बघ. प्रमाणात १५०० पॅकेटांवर ३०.८ टक्क्यांपर्यंत गळती चालते आणि तेवढ्यात उणे ७० डीबीएम ऐकू आलं पाहिजे. आजच्या चिपा उणे ९० च्याही खाली ऐकतात.

एकदा केबल सोडून बघ. केबल सुटल्यावर आकडा शून्य यायला हवा. नाही आला तर अ‍ॅटेन्युएटरला वळसा घालून हवेतूनच ऐकतोय, म्हणजे तुझे ७० डीबी हे नुसते शोभेचे. बोर्ड पत्र्याच्या डब्यात ठेव.

कोडवाली

काकांच्या पद्धतीत भर: दोन तारांच्या उत्तरात आकड्याला १५ बिटच आहेत, ३२,७६७ च्या वर मावत नाही. सेकंदाला १६०० पॅकेटं धरली तर २० सेकंदांत पेला भरला. चाचणी १० सेकंदांचीच ठेवा.

आणि ऐकणारा बोर्ड ज्या लॅपटॉपला लावाल तिथे शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क नको. तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर रीतसर टिपण काढलं होतं. माझी 'खराब' बॅच डिस्क काढल्यावर चांगली झाली होती.

नवशिक्या_०७

अवांतर: ट्रान्समीटरला मराठीत प्रक्षेपक म्हणतात ना? मग धाग्यात सगळे इंग्रजी शब्द का?

गुंतवळ

प्रक्षेपकाच्या क्षीणकात प्रक्षेपणक्षमतेचा क्षय झाला. घ्या, झालं मराठीत. आता बोर्ड दुरुस्त होईल.

तांब्याचीतार

अवांतराचा वेगळा धागा काढा बघू. एक गोष्ट मात्र राहिली: शंकासुर, ते यू.एफएल कनेक्टर (बोर्डावरचे केबल लावायचे चिमुकले) सारखे काढ-घाल करू नकोस. ते साधारण ३० वेळांसाठीच असतात. त्यानंतर मोजमाप केबल हलवली की बदलतं आणि आपण चिपला शिव्या देतो. चाचणीची केबल एकदा लावली की टेपने टेबलाला चिकटवून टाक.

शंकासुर

दोन दिवस गायब होतो, आता नोंदी देतो. पत्र्याचे दोन डबे, मध्ये अ‍ॅटेन्युएटर. केबल सोडल्यावर शून्य (पहिल्यांदा ११,००० आले, झाकण नीट बसलं नव्हतं). अ‍ॅटेन्युएशन प्रत्येक जोडीला तेवढंच, ऐकू येण्याच्या काठावर. १० सेकंद, म्हणजे अपेक्षित १६,०००.

चांगला पाठवतो, चांगला ऐकतो: १५,९०० च्या आसपास.
खराब पाठवतो, चांगला ऐकतो: ७,००० ते ९,०००.
चांगला पाठवतो, खराब ऐकतो: तसंच, ८,००० च्या घरात.
खराब पाठवतो, खराब ऐकतो: १५,८००!!

शेवटची ओळ तीनदा करून बघितली. एकदा तर १६,०४१ आले.

गुंतवळ

१६,००० वर १६,०४१. व्याजासकट परत.

कोडवाली

व्याज नाही, पीसीची आळशी घड्याळं. 'सुरू' आणि 'थांब' यांमधले १० सेकंद विंडोज मोजतोय, तो २०-३० मिलिसेकंद इकडेतिकडे करतोच. किती पाठवली ते ट्रान्समीटर सांगत नाही म्हणून ही वेळ. पण मुद्दा तो नाहीच. खराब-खराब जोडी छान चालते???

सोल्डरबाबा

मला वाटतं मोजण्यात चूक आहे. दोन वाईट मिळून एक चांगलं कसं होईल?

अर्धाडीबी

सोल्डरबाबांशी सहमत. जोड्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील. पुन्हा करा.

मूकवाचक

चार वर्षं इथे नुसता वाचतोय, आज राहवलं नाही म्हणून लिहितो.

मोजण्यात चूक नाही. शंकासुर यांची पहिली पोस्ट पुन्हा वाचा. 'नीट मध्यावर नाही, किंचित डावीकडे वाटतं, पण तो मुद्दा वेगळा.' तोच मुद्दा आहे.

दोन माणसांची घड्याळं सारखीच दहा मिनिटं मागे असतील तर त्यांची एकमेकांशी भेट वेळेवर होते. तिसऱ्याला मात्र ती दोघंही उशिरा येतात. तुमचे सहाही बोर्ड एकाच बाजूला, जवळपास सारखेच चुकताहेत. एकमेकांना ते मध्यावर सापडतात. चांगल्या बोर्डाला आणि फोनला ते सरकलेले दिसतात. सिग्नल जोरात असतो तेव्हा रिसीव्हर सांभाळून घेतो, म्हणून टेबलावर सगळं सुरळीत. ऐकू येण्याच्या काठावर मात्र फिल्टरच्या कडेने थोडा सिग्नल कापला जातो आणि पल्ला घटतो. आणि क्रिस्टल ऐकताना आणि बोलताना एकच असतं, म्हणून दोन्ही दिशांना सारखीच गळती. पॉवर कमी असती तर चांगला पाठवतो-खराब ऐकतो ही ओळ बिघडली नसती.

स्पॅन १०० मेगाहर्ट्झ ठेवून १५० किलोहर्ट्झची सरक दिसणार नाही. स्पॅन १ मेगाहर्ट्झ करा, आरबीडब्ल्यू १० किलोहर्ट्झ, सॉफ्टवेअरमधून बिनमॉड्युलेशनचा कॅरिअर सोडा, मार्कर शिखरावर ठेवा. अ‍ॅनालायझर अर्धा तास आधी तापवून घ्या.

तांब्याचीतार

मूकवाचक, चार वर्षं कुठे लपला होतात! आणि मी ते 'किंचित डावीकडे' वाचून पुढे गेले, कान पकडते.

सोल्डरबाबा

कॅरिअरचा पर्याय सापडत नसेल तर पेलोड 'सगळे ०' लावून चालेल ना? तोही सरळ सूरच.

मूकवाचक

तिथे फसाल. टेस्ट मोडमध्ये व्हाइटनिंग (बिट विस्कटून टाकणं) बंद असतं, त्यामुळे 'सगळे ०' म्हणजे सिग्नल पेलोडभर मध्यापासून साधारण २५० किलोहर्ट्झ खाली बसून राहतो. 'सगळे १' म्हणजे तेवढाच वर. क्रिस्टलची चूक त्यात मिसळते आणि आपण भलत्याच आकड्याला घाबरतो. करायचंच असेल तर दोन्ही मोजून मध्य काढा.

नवशिक्या_०७

वारंवारता सरकण्याची मर्यादा ७५ किलोहर्ट्झ आहे ना?

अर्धाडीबी

७५ क्लासिकसाठी. लो एनर्जीला १५०. २४४० ला १५० म्हणजे सुमारे ६१ पीपीएम (दशलक्षात ६१ भाग). पण शिवाय सक्रिय घड्याळ ५० पीपीएममध्ये हवं, त्यामुळे १५० च्या काठावर नाचणारा बोर्ड तसाही नापासच. (जोड्यांच्या चिठ्ठ्यांबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो.)

शंकासुर

मंडळी. 😶

चांगले १४: उणे १२ ते अधिक ८ किलोहर्ट्झ.
खराब ६: उणे १३८, उणे १४१, उणे १४४, उणे १४६, उणे १४९, उणे १५५.

भिंगाखाली क्रिस्टल बघितली. दोन वेगळे छाप! खरेदीत तुटवडा पडला म्हणून सहा बोर्डांना 'तंतोतंत तेच' क्रिस्टल दुसरीकडून आलं. ३२ मेगाहर्ट्झ, १० पीपीएम, आकार तोच. डेटाशीट मागवली. मूळ क्रिस्टलला १२ पिकोफॅरडचा लोड (क्रिस्टलला दिसणारी कपॅसिटन्स) हवा, यांना ८ चा.

जुनाखोडकर

हं. 'तंतोतंत तेच'. हे शब्द ऐकले की मी आधी डेटाशीटचं दुसरं पान उघडतो.

बोर्डावर दोन्ही बाजूंना १८ पिकोफॅरडचे कपॅसिटर असणार. दोन्ही मिळून ९, वर पीसीबी आणि पिनांचे सुमारे ३, झाले १२. मूळ क्रिस्टल खूश. ८ वाल्यावर तेच १२ लादले की ते दबून हळू चालतं. बरं, १० पीपीएम वगैरे जे छापतात ते योग्य लोड दिला तरच.

मूकवाचक

बरोबर. ८ वजा ३ म्हणजे ५, त्याची दुप्पट १०. दोन्ही बाजूंना १० पिकोफॅरड लावून बघा. काही चिपांत हे कपॅसिटर आतच असतात आणि रजिस्टरमधून कमी-जास्त करता येतात, म्हणजे सोल्डरिंग वाचतं. तुमच्यात बाहेर आहेत का?

शंकासुर

बाहेरच आहेत. उद्या १० लावतो.

कोडवाली

आणि उत्पादनाच्या चाचणीत वारंवारतेची ओळ टाका हो. पॉवर, वारंवारता, रिसीव्हरचा आकडा, एवढ्याने बोर्डामागे अर्धं मिनिटही जात नाही. स्क्रिप्ट माझ्याकडची देते, बाइटांमध्ये झोप नसलेली.

शंकासुर

झालं! १० पिकोफॅरड लावल्यावर पहिला बोर्ड उणे ९ किलोहर्ट्झ. चांगल्या बोर्डाबरोबर काठावरची चाचणी: १५,९१२. फोन घेऊन दोन खोल्या ओलांडल्या, तिसरीही, जिन्यापर्यंत गेलो. तुटलं नाही.

चार बोर्ड दुरुस्त झाले. पाचव्यावर कपॅसिटर काढताना पॅडच उचकटून हातात आला.

सोल्डरबाबा

पॅडवर नको ते बोलू नका. माझा विषय आहे. बारीक तार घेऊन चिपच्या पिनेपर्यंत जोडा, पण जितकी आखूड जमेल तितकी, नाहीतर स्ट्रे कपॅसिटन्स वाढून पुन्हा डावीकडे.

जुनाखोडकर

सहावा दुरुस्त करू नकोस. उणे दीडशेच्या काठावर बसणारा, किती चुकतो ते नक्की माहीत असलेला बोर्ड मागूनही मिळत नाही. पुढच्या बॅचला ऐकणारे बोर्ड काठावरचा सिग्नल झेलतात का, हे त्यानेच तपास.

शंकासुर

काका, तो कालच बाजूला काढलाय. उणे १५५ वाला. लाल ठिपका लावला आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'हात लावू नये'.